कंपनी न फोडता एकटा गायलेला फ्रेडी

'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हा २०१८ चा चित्रपट पाहिलेल्यांना एक प्रसंग नक्की आठवत असेल. 'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी बँडमधल्या तिघांना सांगतो की मी सोलो अल्बमचा करार केलाय. भांडण पेटतं, क्वीन मोडते, आणि पुढे १९८५ च्या 'लाइव्ह एड' या मदतनिधीच्या जंगी मैफलीसाठी तो नमतं घेऊन परत येतो. चित्रपटाला चार ऑस्कर मिळाली, त्यातलं एक फ्रेडी झालेल्या रामी मॅलेकला, आणि ही गोष्ट जगभर पक्की होऊन बसली.

घडलं मात्र तसं नव्हतं. फेब्रुवारी १९८४ मध्ये क्वीनचा 'द वर्क्स' अल्बम आला. त्याच वर्षी ऑगस्टपासून दौरा सुरू झाला. जानेवारी १९८५ मध्ये बँड ब्राझीलच्या 'रॉक इन रिओ' या संगीत महोत्सवात होता, मे महिन्यात जपानमध्ये. फ्रेडीचा पहिला सोलो अल्बम 'मिस्टर बॅड गाय' बाजारात आला २९ एप्रिल १९८५ ला, म्हणजे दौरा चालू असतानाच. शिवाय चौघांत पहिला सोलो अल्बम काढणारा फ्रेडी नव्हताच. तो मान ड्रमवाल्या रॉजर टेलरचा, १९८१ मधला. गिटारवाल्या ब्रायन मे यानेही १९८३ मध्ये बाहेरचे मित्र जमवून स्वतःचं रेकॉर्डिंग केलं होतं. त्या दोघांवर फुटीरपणाचा आळ कुणी घेतला नाही. मुख्य गायकानं तेच केलं की मात्र घर मोडल्याची बातमी होते.

खरं तर मुख्य गायक मोठा झाला की कंपनी फुटते, हे सातारा-सांगलीकडच्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. सांगली जिल्ह्यातल्या नागठाण्यात जन्मलेले नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंब्यांसह किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. १९१८ मध्ये त्याच किर्लोस्कर कंपनीतून मास्टर दीनानाथ निघाले, बळवंत संगीत मंडळी स्थापन झाली, आणि पुढे त्यांचं बिऱ्हाड सांगलीत येऊन राहिलं. लोक गायकासाठी तिकीट काढतात, हे एकदा गायकाला कळलं की पडद्यामागचा हिशेब बदलतो. म्हणून फ्रेडीची चित्रपटातली गोष्ट आपल्याला चटकन पटते. पण त्याचं प्रकरण या जातीचं नव्हतं, आणि त्याचं कारण शोधायला लंडनच्या आधी पाचगणीला जावं लागतं.

त्याचं मूळ नाव फारोख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावर, स्टोन टाउनमध्ये. घर पारशी, मूळ गुजरातेतलं. आडनावातलं बलसार म्हणजे आजचं वलसाड. वडील बोमी हे ब्रिटिश वसाहतीच्या सरकारी नोकरीत रोखपाल होते. मुलगा आठेक वर्षांचा झाल्यावर त्याला समुद्र ओलांडून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत धाडलं. झांझिबारहून पाचगणी हे आज अजब वाटतं, तेव्हा तेवढं नव्हतं. गोऱ्या साहेबांनी थंड हवेसाठी वसवलेल्या या गावात इंग्रजी वळणाच्या निवासी शाळा होत्या, पारशी वस्ती होती, अजूनही तिथे एका कड्याचं नाव पारशी पॉइंट आहे. मुंबईत मावशी-आत्याकडचे नातेवाईकही होते. सुट्ट्यांत झांझिबार गाठणं बोटीच्या प्रवासामुळे जमायचं नाही, मग मुक्काम मुंबईत. पसरणीचा घाट चढून वर आलेलं ते पोर पुढची सात-आठ वर्षं बहुतांशी आईबापांविना वाढलं. बोर्डिंगनं आपल्याला आपलं आपण निभावायला शिकवलं, अशा अर्थाचं तो पुढे मुलाखतींत बोलला आहे. बाकी पाचगणीबद्दल तो फारसं बोलायचाच नाही, हेही सांगायला हवं. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य जन्माला आलं तेव्हा तो याच साताऱ्याच्या डोंगरावर शाळकरी पोरगा होता, पण त्याच्या नंतरच्या आयुष्यात या मुलखाचा उल्लेख शोधूनच काढावा लागतो.

शाळेनं त्याचं गाणं ओळखलं ते बरंच लवकर. मुख्याध्यापकांनी घरी पत्र पाठवून, थोडी जादा फी भरून मुलाला पियानो शिकवावा असं सुचवलं. आईवडिलांनी होकार दिला. पियानोच्या परीक्षांत तो चौथ्या ग्रेडपर्यंत गेला. शाळेच्या गायनवृंदात होता, नाटकात होता, टेबल टेनिस आणि बॉक्सिंगही खेळायचा. पण सोबत्यांच्या लक्षात राहिलं ते निराळंच: रेडिओवर एखादं गाणं लागलं की एकदा ऐकून तो ते पियानोवर जसंच्या तसं काढायचा. ग्रेडच्या परीक्षेत हे विचारत नाहीत, आणि बँडला नेमकं हेच लागतं.

बाराव्या वर्षाच्या सुमाराला शाळेतल्या पाच जणांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. पाच पोरं, पांढरे सदरे, काळे टाय, तेल लावून मागे वळवलेले केस, असा त्यांचा फोटो आज चाहत्यांमध्ये फिरतो. गाणी एल्व्हिस, क्लिफ रिचर्ड, लिट्ल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो यांची. वाजवायचं ते शाळेच्याच कार्यक्रमांत. आता गंमत बघा. या बँडचा मुख्य गायक फ्रेडी नव्हताच. पुढे उभा राहून गायचा ब्रूस मरे. फ्रेडी पियानोवर, मागून साथीचा आवाज द्यायला. उरलेल्यांपैकी व्हिक्टरी राणा पुढे नेपाळच्या सैन्यात मेजर जनरल झाला आणि सायप्रसमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा प्रमुखही. डेरिक ब्रँच लंडनला जाऊन नट झाला. फरांग इराणीनं पुण्यात सिझलरचं हॉटेल चालवलं. एका शाळकरी बँडच्या मानानं हिशेब वाईट नाही.

माझ्या मते फ्रेडीची पुढची सगळी वाटचाल त्या पियानोच्या स्टुलावरून नीट दिसते. सुरुवातीलाच जो साथीला बसलेला असतो, त्याला आवाजाभोवती काय काय रचावं लागतं ते आतून ठाऊक असतं. 'गळा माझा, बाकी सगळे वाजवणारे' हा भाव त्याच्यात कधी आला नाही. कार्यक्रमात तो कितीही राजासारखा मिरवला, तरी स्टुडिओत तो थरावर थर चढवत बसणारा कारागीर होता. आणि लताबाईंचा त्याच्यावर लहानपणी प्रभाव होता, असं त्याच्या चरित्रांत येतं. दीनानाथांची ही लेक सांगलीत वाढली. पाचगणीत रेडिओला कान लावून बसलेल्या पारशी पोरानं तिचे सूर ऐकले असतील, यात नवल नाही. पण क्वीनच्या गाण्यांत हिंदी सिनेसंगीत शोधत बसण्याचा आपला उत्साह मात्र जरा आवरावा.

१९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. पुढच्याच वर्षी तिथे क्रांती झाली, सुलतानाची सत्ता उलथली, आणि बलसारा कुटुंबानं जीव मुठीत धरून इंग्लंड गाठलं. लंडनच्या विमानतळाजवळच्या फेल्टममध्ये त्यांनी संसार थाटला. फ्रेडी ईलिंगच्या कला महाविद्यालयात शिकला, केन्सिंग्टनच्या बाजारात जुने कपडे विकले, दोन-तीन फुटकळ बँडांत गायला. १९७० मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्या बँडमधला गायक निघून गेला, त्याची जागा फ्रेडीनं घेतली. क्वीन हे नाव त्याचंच. मर्क्युरी हे आडनावही त्याच सुमारास आलं. १९७१ मध्ये जॉन डीकन बास गिटारवर आला आणि चौकडी पुरी झाली. ती शेवटपर्यंत बदलली नाही.

एक छोटी नोंद इथे करून ठेवतो, कारण ती सहसा सुटते. क्वीनचा पहिला अल्बम जुलै १९७३ मध्ये यायच्या जरा आधी फ्रेडीचं एक गाणं 'लॅरी लुरेक्स' या खोट्या नावानं निघालं. ते चाललं नाही. त्यावर वाजवलं कुणी, तर मे आणि टेलरनंच. म्हणजे त्याचं पहिलं 'सोलो'सुद्धा घरच्याच मंडळींनी साथ केलेलं होतं.

क्वीनचं वेगळेपण असं की चौघेही गाणी रचायचे. १९७५ चं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' फ्रेडीचं: ५ मिनिटं ५५ सेकंदांचं, मधोमध ऑपेराचा तुकडा, आणि ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर. 'वी विल रॉक यू' मे याचं. १९८० मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' अबोल डीकनचं. पण चार रचनाकार एका घरात म्हणजे कुरबुरी आल्याच. गाणं ज्याच्या नावावर, पैसे त्याला. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या तबकडीच्या मागच्या बाजूला टेलरचं गाणं होतं. तबकडी विकली की मागच्या गाण्यालाही पुढच्याइतकीच रॉयल्टी मिळे. गिऱ्हाइकानं ते एकदाही लावलं नसलं तरी. हा सल बँडमध्ये पुढे कितीतरी वर्षं होता.

१९८२ च्या 'हॉट स्पेस' अल्बमवर रॉकचे चाहते नाराज झाले, कारण त्यात नाचगाण्याचा बाज फार होता. तो बाज फ्रेडीला आवडत होता. तेव्हा तो म्युनिकमध्ये जास्त राहायचा, तिथले क्लब, तिथला 'म्युझिकलँड' स्टुडिओ, हीच त्याची दुनिया. दमलेल्या बँडनं १९८३ मध्ये थोडी विश्रांती घ्यायचं ठरवलं आणि फ्रेडीनं एकट्याच्या गाण्यांना हात घातला. १९८४ मध्ये संगीतकार जॉर्जिओ मोरोडरबरोबर, 'मेट्रोपोलिस' या जुन्या मूकपटाच्या नव्या आवृत्तीसाठी, 'लव्ह किल्स' आलं. मग 'मिस्टर बॅड गाय'. ब्रिटनमध्ये तो सहाव्या क्रमांकापर्यंत चढला, इतरत्र यथातथाच. आवरणावर त्यानं ब्रायन, रॉजर आणि जॉन यांचे आभार मानले आहेत, लुडबुड न केल्याबद्दल. अल्बम अर्पण केलाय तो त्याच्या जेरी या मांजराला आणि जगातल्या तमाम मांजरप्रेमींना.

तो अल्बम आज ऐकताना एक कमतरता जाणवते. आवाज तोच, सुरावटी चांगल्या, पण 'हे नको' म्हणणारं कुणी खोलीत नव्हतं. मे याची गिटार फ्रेडीच्या सुराला जिथे आडवी जायची, तिथेच क्वीनचं गाणं पेटायचं. इथे सगळं गुळगुळीत चाललंय. अडीच महिन्यांनी, १३ जुलै १९८५ ला, 'लाइव्ह एड'मध्ये, लंडनच्या वेम्ब्लीच्या मैदानात सुमारे ७२ हजार लोकांपुढे क्वीननं जी वीसेक मिनिटं गाजवली, तिथे फरक कळतो. तेही आधी नाट्यगृहात तालमी करून, प्रत्येक गाणं कापून-छाटून वेळेत बसवून. नाटकवाल्यांना ही शिस्त नवी नाही.

१९८७ मध्ये त्यानं 'द ग्रेट प्रिटेंडर' हे 'द प्लॅटर्स' या अमेरिकी गायकमंडळीचं १९५५ चं गाणं पुन्हा गायलं आणि ते ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकावर गेलं. चित्रफितीत त्यानं क्वीनच्याच जुन्या चित्रफितींची नक्कल केली. आतापर्यंत मिशी उतरवली होती. याच वर्षी त्याला एड्सचं निदान झालं. चित्रपटानं तेही दोन वर्षं मागे ओढून लाइव्ह एडच्या आधी नेलंय.

त्याचं एकट्याचं खरं मोठं काम मात्र याच काळातलं. स्पॅनिश टीव्हीवर त्यानं सांगून टाकलं होतं की जगातला सगळ्यात सुंदर आवाज मोन्सेरात काबाये यांचा. बाई बार्सिलोनाच्या, ऑपेराच्या क्षेत्रातल्या दिग्गज. मार्च १९८७ मध्ये बार्सिलोनाच्या रिट्झ हॉटेलात भेट ठरली. फ्रेडी कॅसेट घेऊन गेला, सोबत पियानोवाला माइक मोरन. हजारोंच्या जमावापुढे न डगमगणारा हा माणूस त्या दिवशी कमालीचा धास्तावला होता, असं त्याच्यासोबतच्यांनी सांगून ठेवलंय. बाईंनी गाणी ऐकली आणि एक गाणं थेट स्वतःच्या मैफलीत गायचं ठरवलं. दोघांचा 'बार्सिलोना' अल्बम १९८८ मध्ये आला. त्यात फ्रेडी पुन्हा दुसऱ्या मोठ्या आवाजाच्या शेजारी उभा आहे, आणि म्हणूनच बहुधा तो 'मिस्टर बॅड गाय'पेक्षा कितीतरी सरस उतरलाय. रॉकवाल्यांना तो काय करतोय ते कळेना, ऑपेरावाल्यांनी नाकं मुरडली. नाट्यपदावर वाढलेल्या कानाला मात्र ते अवघड जात नाही. नाटकात गाणं आणि गाण्यात नाटक, दोन्ही आपल्या ओळखीचं. ऑक्टोबर १९८८ मध्ये बार्सिलोनाच्या सोहळ्यात दोघं मंचावर आली, ध्वनिमुद्रणावर ओठ हलवून. फ्रेडीचं ते जवळपास शेवटचंच मंचावर येणं.

क्वीन या सगळ्यात चालूच होती. १९८९ च्या 'द मिरॅकल'पासून चौघांनी ठरवलं की गाणं कुणीही रचो, नाव सगळ्या बँडचं. तो जुना सल असा मिटला. फेब्रुवारी १९९१ मध्ये 'इनुएन्डो' आला. २३ नोव्हेंबर १९९१ ला फ्रेडीनं आजार जाहीर केला, दुसऱ्या दिवशी तो गेला. वय ४५. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले.

१९९२ मध्ये बार्सिलोनात ऑलिम्पिक भरलं तेव्हा त्याचं आणि काबायेंचं गाणं पुन्हा निघालं आणि ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलं. १९९३ मध्ये 'मिस्टर बॅड गाय'मधल्या 'लिव्हिंग ऑन माय ओन'ला कुणी नवा ठेका लावला आणि ते थेट पहिल्या क्रमांकावर. १९८५ मध्ये तेच गाणं पन्नासाव्या क्रमांकाच्या पुढे सरकलं नव्हतं. मग १९९५ मध्ये क्वीनचा 'मेड इन हेवन' आला. मे, टेलर आणि डीकन या तिघांनी त्याच्या सोलो अल्बममधली दोन गाणी घेतली, त्याचा आवाज तसाच ठेवला, आणि बाकीचं सगळं स्वतः नव्यानं वाजवलं.