मायनर आणि मिनी : एका रचनाकाराच्या दोन मोटारी आणि त्यांचे चाहते

ब्रिटनमध्ये जुन्या मोटारी सांभाळणाऱ्यांत मायनर सरस की मिनी, हा वाद अनेक दशके चालत आला आहे. १९४८ साली आलेली मॉरिस मायनर आणि १९५९ साली आलेली मिनी या दोन्ही गाड्या सर अ‍ॅलेक इसिगॉनिस या एकाच रचनाकाराच्या आहेत. मिनीला जन्मापासून आणि मायनरला १९५२ पासून मिळालेले इंजिनही एकाच कुळातले, ऑस्टिन कंपनीच्या 'ए-सीरिज' मालिकेतले. इतके साम्य असूनही मायनरवाल्यांचा जिव्हाळा आणि मिनीवाल्यांचे वेड यांत फरक आहे. या गाड्यांचा इतिहास पाहिला, तर हा जिव्हाळा त्यांच्या निर्विवाद गुणांइतकाच त्या घडताना कराव्या लागलेल्या तडजोडींवरही जडलेला दिसतो.

इसिगॉनिस यांचा जन्म १९०६ साली स्मर्ना, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझमिर येथे झाला. वडील ग्रीक वंशाचे पण ब्रिटिश नागरिक, तर आई बव्हेरियातली होती. १९२२ साली शहर युद्धाच्या तडाख्यात सापडले तेव्हा हे कुटुंब माल्टामार्गे बाहेर पडले आणि वडिलांच्या मृत्यूनंतर मायलेक इंग्लंडला पोहोचले. लंडनच्या बॅटरसी पॉलिटेक्निकमध्ये शिकताना गणिताच्या परीक्षेत ते वारंवार नापास झाले. पुढे आयुष्यभर त्यांचा भर समीकरणांपेक्षा हाताने काढलेल्या रेखाटनांवर राहिला, आणि त्या रेखाटनांना यंत्रशाळेत उतरेल असे रूप देण्याचे काम जॅक डॅनियल्स यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी केले. डॅनियल्स यांचा दोन्ही गाड्यांच्या घडणीत मोठा वाटा असूनही सामान्य चाहत्याला त्यांचे नाव क्वचितच ठाऊक असते, हे खटकते.

१९३६ साली इसिगॉनिस ऑक्सफर्डजवळच्या काऊली येथील मॉरिस मोटर्समध्ये दाखल झाले. दुसरे महायुद्ध चालू असतानाच कंपनीचे उपाध्यक्ष माइल्स थॉमस यांच्या पाठिंब्याने 'मॉस्किटो' या सांकेतिक नावाखाली युद्धोत्तर काळासाठी एका छोट्या गाडीची आखणी सुरू झाली. वेगळ्या चासीशिवाय पत्र्याच्या सांगाड्यावरच उभे राहणारे शरीर, रॅक-आणि-पिनिअन पद्धतीचे स्टिअरिंग, टॉर्शन बारवर, म्हणजे पिळून धक्के झेलणाऱ्या पोलादी दांड्यांवर तोललेले स्वतंत्र पुढचे सस्पेन्शन, लहान आकाराची चाके आणि वजन पुढच्या बाजूला राहील अशा बेताने पुढे सरकवलेले इंजिन, अशी ती योजना होती. त्या काळातील स्वस्त ब्रिटिश गाडीच्या मानाने ही झेप मोठी होती. कंपनीचे संस्थापक लॉर्ड नफील्ड यांना मात्र ती गाडी पाहताक्षणीच नापसंत पडली. तिच्या गोलाईला त्यांनी 'पोच केलेले अंडे' म्हटले आणि जुनी मॉरिस एटच चालू ठेवावी, असा त्यांचा कल राहिला.

गाडीचे उत्पादन जवळ आले असताना इसिगॉनिस यांना स्वतःलाच तिची रुंदी कमी वाटू लागली. १९४७ साली त्यांनी एक नमुना लांबीच्या रेषेत मधोमध कापवून घेतला आणि प्रमाण डोळ्यांना पटेपर्यंत दोन्ही भाग एकमेकांपासून दूर सरकवत नेले. हे अंतर चार इंच भरले आणि तेच कायम झाले. साचे आधीच तयार असल्यामुळे बॉनेटच्या मध्यभागी एक सपाट पट्टी घालावी लागली, तर तयार बंपर कापून मध्ये जोडपट्टी बसवावी लागली. आज कोणत्याही मायनरच्या बॉनेटवर मधोमध जो उंचवटा दिसतो तो त्या ऐन वेळच्या निर्णयाचा परिणाम आहे, आणि मायनरचा मालक नवख्याला गाडी दाखवताना त्याच्यापाशी हमखास थांबतो.

गाडीसाठी आखलेले, समोरासमोर आडव्या पडलेल्या चार सिलिंडरांचे नवे इंजिन खर्चामुळे मागे पडले आणि १९४८च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात मायनर उभी राहिली तेव्हा तिच्यात जुन्या मॉरिस एटचे ९१८ सीसीचे साइड-व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा सिलिंडरच्या बाजूला असलेले जुन्या धाटणीचे इंजिन होते. शरीर भविष्यातले आणि हृदय युद्धपूर्व काळातले, अशी ही जोडी होती. ऑस्टिन आणि मॉरिस यांच्या विलीनीकरणातून १९५२ साली ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, म्हणजे बीएमसी, उभी राहिली आणि त्यानंतर मायनरला ८०३ सीसीचे ए-सीरिज इंजिन लाभले. १९५६ साली ते ९४८ सीसीचे आणि १९६२ साली १०९८ सीसीचे झाले. पुढची दुभागलेली काच जाऊन अखंड वक्र काच आली तीही १९५६ सालीच. दरम्यान १९५३ मध्ये मागील भागात अ‍ॅश लाकडाची चौकट असलेली 'ट्रॅव्हलर' आली. हे लाकूड शोभेपुरते नसून मागच्या भागाचा भार तेच पेलते. म्हणूनच ते कुजले तर गाडी रस्त्यावर आणण्यास अयोग्य ठरते.

१९६०च्या डिसेंबरमध्ये मायनरने दहा लाखांचा टप्पा गाठला. तेथवर पोहोचलेली ती पहिली ब्रिटिश गाडी होती, आणि त्या निमित्ताने फिकट जांभळ्या रंगाच्या ३५० खास गाड्या काढण्यात आल्या. तोपर्यंत ती घरोघर फिरणाऱ्या परिचारिकांची, पाद्र्यांची आणि शाळामास्तरांची गाडी झाली होती, आणि पुढे गस्तीच्या निळ्या-पांढऱ्या रंगात ती पोलिसांकडेही दिसू लागली. टपाल खात्याच्या सुरुवातीच्या व्हॅनना तर पुढची मडगार्डे रबराची होती, कारण अरुंद गल्ल्यांत घासाघीस ठरलेलीच असे. १९७१ साली उत्पादन थांबेपर्यंत सर्व प्रकार मिळून सुमारे १६ लाख गाड्या तयार झाल्या होत्या.

मिनीची मुळे मायनरमध्येच सापडतात, आणि दोन गटांच्या वादात ही गोष्ट बहुधा सुटून जाते. १९५०च्या दशकाच्या आरंभी इसिगॉनिस यांनी एका मायनरमध्ये इंजिन गाडीच्या रुंदीच्या दिशेने आडवे बसवून त्याची ओढ पुढच्या चाकांना देण्याचा प्रयोग हाती घेतला होता. विलीनीकरणानंतर ते अल्व्हिस कंपनीत निघून गेले. प्रयोगाची गाडी मात्र मागे राहिली आणि डॅनियल्स यांनी ती पुरी केली. अल्व्हिसची योजना पैशाअभावी बारगळली आणि बीएमसीचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांनी इसिगॉनिस यांना परत बोलावून घेतले.

त्यांच्या हाती आधी मोठ्या गाड्यांची कामे होती. क्रम बदलला तो सुएझमुळे. जुलै १९५६ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासेर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले, पाठोपाठ युद्ध झाले, आणि डिसेंबरपासून पुढच्या मे महिन्यापर्यंत ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग होते. लोक जर्मन बनावटीच्या बुडबुड्यासारख्या तीनचाकी-चारचाकी गाड्यांकडे वळू लागले, आणि लॉर्ड यांना या गाड्यांचा मनस्वी तिटकारा होता. खरीखुरी छोटी मोटार तयार करून या गाड्या रस्त्यावरून हद्दपार करा, असे त्यांनी बजावले आणि इंजिन मात्र कंपनीत तयार असलेलेच वापरावे, अशी अट घातली.

या अटीनेच मिनीला तिचे रूप दिले. गाडीची लांबी सुमारे दहा फूट ठरली आणि तीतील बहुतेक भाग माणसांना व सामानाला द्यायचा, असा इसिगॉनिस यांचा आग्रह होता. त्यासाठी ए-सीरिज इंजिन आडवे बसवून गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली, ऑइलच्या टाकीतच ठेवण्यात आला. त्यामुळे दोन्हींना एकच तेल पुरले. डनलॉपने दहा इंची चाकांसाठी खास टायर घडवले आणि अ‍ॅलेक्स मोल्टन यांनी पोलादी स्प्रिंगांऐवजी रबरी शंकूंवर चालणारे सस्पेन्शन दिले. दरवाजांच्या पोकळीत सामान ठेवता यावे म्हणून काचा सरकत्या ठेवल्या, आतून दार उघडायला नुसती तार लावली, आणि पत्र्याच्या जोडांच्या कडा आत वळवण्याचा खर्च वाचवण्यासाठी त्या बाहेरच राहू दिल्या. २६ ऑगस्ट १९५९ रोजी ही गाडी 'ऑस्टिन सेव्हन' आणि 'मॉरिस मिनी-मायनर' अशा दोन नावांनी जाहीर झाली. तिचे साधे मॉडेल करासह ४९७ पौंडांच्या आत मिळत होते.

पहिल्या गिऱ्हाइकांना मात्र त्रास झाला. तळाच्या पत्र्यांचा जोड चुकीच्या दिशेने ठेवल्यामुळे पावसात गाडीत पाणी शिरे आणि गालिचे भिजून जात. नमुन्यातले इंजिन उलट फिरवून बसवल्यामुळे सिलिंडरांना ठिणगीची वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर थेट पुढच्या जाळीमागे आला होता, आणि पाण्यातून गेले की गाडी बंद पडे. मालकांनी डिस्ट्रिब्युटरवर स्वयंपाकघरातला रबरी हातमोजा चढवण्याचा तोडगा काढला आणि तो पुढे पिढ्यानपिढ्या चालला. फोर्ड कंपनीने एक मिनी विकत घेऊन सुटी केली, प्रत्येक भागाचा खर्च मांडला आणि बीएमसीला दर गाडीमागे सुमारे ३० पौंड तोटा होत असावा, असा निष्कर्ष काढला. बीएमसीने तो मान्य केला नाही. पण ही गाडी भरमसाट नफ्याची नव्हती, याबद्दल फारसा वाद नाही.

ज्या कष्टकरी कुटुंबांसाठी ती योजली होती त्यांनी सुरुवातीला तिच्याकडे संशयाने पाहिले. तिला उचलून धरले ते लंडनच्या सुखवस्तू आणि कलावंत मंडळींनी. राजकन्या मार्गारेट, अभिनेते पीटर सेलर्स आणि बीटल्स यांच्याकडे मिनी आली, तेव्हा ती स्वस्त असण्याचा कमीपणाच उरला नाही. दुसरीकडे शर्यतीच्या गाड्या तयार करणारे जॉन कूपर यांना तिच्यातली चपळाई दिसली. इसिगॉनिस यांना आपल्या लोकांच्या गाडीला शर्यतीत उतरवणे फारसे रुचले नव्हते, तरी १९६१ साली ९९७ सीसीची मिनी कूपर आली आणि १९६४, १९६५ व १९६७ या वर्षी मिनीने मॉन्टे कार्लो रॅली जिंकली. १९६६ सालीही पहिले तिन्ही क्रमांक मिनीचे होते, पण हेडलाइटच्या बल्बांवर बोट ठेवून पंचांनी त्या बाद केल्या आणि सित्रोएनला विजयी घोषित केले. मिनीवाले आजही या निर्णयाचा राग काढतात. जिंकलेल्या रॅलींपेक्षा हिरावून घेतलेल्या रॅलीची चर्चा जास्त होते.

मिनीचे उत्पादन ऑक्टोबर २००० पर्यंत चालले आणि एकूण आकडा ५३ लाखांवर गेला. दोन्ही जिव्हाळ्यांतला फरक काही अंशी येथूनच सुरू होतो. मायनर १९७१ साली थांबली, नंतरची काही वर्षे ती केवळ जुनी स्वस्त गाडी होती, आणि तिला भंगारात जाण्यापासून वाचवावे या भावनेतून १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात मालकांचा क्लब व सुट्या भागांचा व्यापार उभा राहिला. मिनीला असा विसरला जाण्याचा काळ मिळालाच नाही. नव्या गाड्या कारखान्यातून निघत असतानाच जुन्यांचे चाहते जमले होते. त्यामुळे मायनरवाल्याच्या बोलण्यात जपणूक अधिक येते. पुढच्या सस्पेन्शनच्या ट्रनिअनला, म्हणजे चाक ज्यावर वळते त्या सांध्याला, ग्रीस देणे विसरलात तर चाक दुमडून गाडी बसते, हे तो पहिल्याच भेटीत सांगतो. ट्रॅव्हलरच्या लाकडाला वॉर्निश कधी द्यावे आणि खिडकीच्या खाचेत उगवणारे शेवाळ कसे काढावे, यावर तो तासभर बोलू शकतो. मिनीवाला बोलतो ते वळणांबद्दल. मागच्या सबफ्रेमला, म्हणजे मागची चाके धरून ठेवणाऱ्या चौकटीला, गंज चढला आहे आणि रबरी शंकू बसले आहेत हे त्यालाही ठाऊक असते, पण आधी गाडी चालवून बघा, असा त्याचा हट्ट असतो.

माझे मत विचाराल तर रोजच्या वापराला मायनर अधिक समंजस आहे आणि यंत्रविद्येच्या इतिहासात मिनी फार मोठी आहे. आडवे इंजिन आणि पुढच्या चाकांची ओढ ही तिने रूढ केलेली मांडणी आज जगातल्या बहुतांश छोट्या गाड्यांत दिसते. भारतात मिनी कधी तयार झाली नाही. मायनर मात्र १९५०च्या दशकाच्या पूर्वार्धात हिंदुस्तान मोटर्सने 'बेबी हिंदुस्तान' या नावाने बांधली होती, आणि तिच्याच घराण्यातल्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेली अ‍ॅम्बेसेडर तर २०१४ पर्यंत निघत राहिली. म्हणून मायनरचा चेहरा मराठी वाचकाला ओळखीचा वाटतो.

आज ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या गाडीला रस्ताकरातून सूट मिळते, आणि मे २०१८ पासून तिची वार्षिक तपासणीही सक्तीची राहिलेली नाही. मात्र गाडीत मोठे बदल केलेले नसावेत, अशी तपासणीच्या सवलतीची अट आहे. यातून दोन्ही गटांत नवा वाद निघाला आहे. मायनरमध्ये पुढे डिस्क ब्रेक, पाच गिअरांचा गिअरबॉक्स आणि मिनीच्याच कुळातले १२७५ सीसीचे इंजिन घालणारे पुष्कळ आहेत, तर मिनीसाठी ऑक्सफर्डशायरमधील ब्रिटिश मोटर हेरिटेज संपूर्ण नवे शरीरच पुरवते. नव्या पत्र्यावर जुना नोंदणी क्रमांक लावला तर ती मूळ गाडीच मानायची का, यावर मालकांचे एकमत नाही. मायनरवाले यात बहुधा अधिक कडक असतात, आणि मिनीवाल्यांना गाडी धावते आहे एवढे पुरते.