बी.एस्सी. रसायनशास्त्रासाठी 'इन्स्पायर-शी' शिष्यवृत्ती: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज अडतो कुठे

बारावीला उत्तम गुण असूनही इंजिनिअरिंग-मेडिकलकडे न जाता रसायनशास्त्राची पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याला केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाकडून वर्षाला ८०,००० रुपये मिळू शकतात. योजना 'इन्स्पायर', सुरू झाली डिसेंबर २००८ मध्ये. तिच्यातला उच्च शिक्षणाचा भाग म्हणजे 'शी' (SHE, 'स्कॉलरशिप फॉर हायर एज्युकेशन'चं लघुरूप). नावामुळे ही फक्त मुलींसाठी आहे असा गैरसमज कॉलेजांमध्ये सर्रास आढळतो. तसं नाही, मुलगे-मुली दोघांनाही ती खुली आहे. दरवर्षी देशभरात १२,००० शिष्यवृत्त्या दिल्या जातात आणि निवड गुणवत्तेवर होते.

वय १७ ते २२ हवं. बारावी ज्या वर्षी उत्तीर्ण, त्याच वर्षी पदवीच्या प्रथम वर्षाला प्रवेश घेतलेला हवा. मध्ये एक वर्ष 'रिपीट'साठी घालवलं किंवा अर्ज करायचं दुसऱ्या वर्षाला आल्यावर सुचलं, तर संधी गेलेली असते. म्हणूनच ही माहिती प्रवेशाच्या वेळीच विद्यार्थ्यांच्या हातात पडायला हवी.

गुणांची अट अशी: आपल्या बोर्डात बारावीच्या पहिल्या १ टक्क्यात असणं. ही मर्यादा प्रत्येक बोर्डाची वेगळी असते आणि दरवर्षी बदलते. त्यामुळे महाराष्ट्र बोर्डाच्या विद्यार्थ्याने सीबीएसईचा किंवा गोवा बोर्डाचा आकडा बघून खचू नये, आणि हुरळूनही जाऊ नये. दुसरा मार्ग जेईई किंवा नीटमध्ये पहिल्या १०,००० त असूनही मूलभूत विज्ञान निवडलेल्यांचा. आयसर, नायसर या केंद्राच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आणि मुंबई विद्यापीठाच्या आवारातलं मूलभूत विज्ञान केंद्र इथे प्रवेश मिळालेले, तसंच आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडचे पदकविजेतेही पात्र ठरतात.

अभ्यासक्रम मात्र नीट तपासा. योजनेच्या यादीत १८ विषय आहेत. त्यात रसायनशास्त्र, जीवरसायनशास्त्र आणि भूरसायनशास्त्र आहे. केमिकल इंजिनिअरिंग आणि बी.फार्म. नाही. बी.एस्सी. किंवा एकात्मिक एम.एस्सी., दोन्ही चालतात.

अर्ज इन्स्पायरच्या पोर्टलवर ऑनलाइनच करायचा. लागतं काय? फोटो, जन्मतारखेसाठी दहावीची गुणपत्रिका, बारावीची गुणपत्रिका, आधार, लागू असल्यास जातीचा दाखला आणि रँक किंवा पदकाचं प्रमाणपत्र, शिवाय कॉलेजचं शिफारसपत्र. काही बोर्डं पहिल्या १ टक्क्यातल्यांना पात्रतेची चिठ्ठी देतात. ती मिळाली नसली तरी गुण मर्यादेच्या वर असतील तर अर्ज जरूर भरावा.

सगळ्यांत जास्त घोळ शिफारसपत्रात होतो. ते पोर्टलवरच्या ठरावीक नमुन्यातच हवं. कॉलेजच्या लेटरहेडवरचं 'सदर विद्यार्थी आमच्या महाविद्यालयात शिकत आहे' असलं बोनाफाइड त्याच्या जागी चालत नाही. प्राचार्यांची सही, शिक्का, अभ्यासक्रमाचं पूर्ण नाव आणि वर्ष त्यावर असलंच पाहिजे. शेवटच्या आठवड्यात प्राचार्य बाहेरगावी असतात आणि पोर्टलही रेंगाळतं, म्हणून सही आधीच घेऊन ठेवा. स्कॅन मोबाइलच्या तिरक्या फोटोचा नको. शिक्का वाचता आला पाहिजे.

दुसरा घोळ नावाचा. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर स्वतःचं नाव आधी, आणि बँकेत कधी वडिलांचं नाव गळलेलं असतं. अर्जात दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच नाव भरा, आणि खातं विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावर, त्याच नावाने ठेवा. निवड झाल्यावर तात्पुरतं ऑफर लेटर येतं, त्यानंतर बँकेचा तपशील भरायचा असतो. तिथे नाव जुळलं नाही की रक्कम अडकते.

रकमेचे दोन भाग आहेत. ६०,००० रुपये, म्हणजे महिना ५,००० च्या हिशेबाने, शिक्षणासाठी. २०,००० रुपये उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. पुढच्या वर्षांचे पैसे आपोआप येत नाहीत. दरवर्षी गुणपत्रिका अपलोड करावी लागते आणि किमान ६० टक्के किंवा ६.० सीजीपीए (सरासरी श्रेणीगुण) टिकवावा लागतो.

प्रकल्प सहा ते आठ आठवड्यांचा असतो आणि त्याचा अहवाल मार्गदर्शकाच्या प्रमाणपत्रासह द्यावा लागतो. पुण्यात एनसीएलसारखी (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) संस्था आहे, पण तिथे जागा नाही मिळाली म्हणून प्रकल्प सोडू नका. तालुक्याच्या कॉलेजातल्या पीएच.डी.धारक प्राध्यापकांकडेही चांगलं काम होतं. गावातल्या दहा विहिरींच्या पाण्याचा कठीणपणा ईडीटीए अनुमापनाने (ईडीटीएचं द्रावण थेंबाथेंबाने घालून) मोजायचा म्हटला तरी पीएच १० वर स्थिर ठेवणारं बफर, इरिओक्रोम ब्लॅक टी हा रंगदर्शक, लालसर रंग जाऊन निळा येण्याचा अंत्यबिंदू आणि प्रत्येक नमुन्याची तीन-तीन वाचनं, एवढं शिस्तीने करावं लागतं. अहवालात हीच वाचनं द्या. इंटरनेटवरून उचललेल्या प्रस्तावनेची पंधरा पानं अहवालाचं वजन वाढवत नाहीत.

शिष्यवृत्ती जास्तीत जास्त पाच वर्षांची आहे. बी.एस्सी. संपल्यावर एम.एस्सी. रसायनशास्त्राला प्रवेश घेतला तर प्रवेशाचा पुरावा देऊन ती पुढे चालू राहते. एमबीएकडे वळलात तर थांबते. आणि एम.एस्सी.ला ७० टक्के मिळवणारे 'शी' विद्यार्थी पीएच.डी.च्या इन्स्पायर फेलोशिपसाठी अर्ज करू शकतात, त्यासाठी विद्यापीठात पहिलं येण्याची अट त्यांना नसते. त्यामुळे पहिल्या वर्षाचं ऑफर लेटर फाइलमध्ये जपून ठेवा.