एक्झॉस्टच्या तापमानाचा गेज चुकीचे दाखवू लागल्यास: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ट्रकच्या एक्झॉस्टचे तापमान दाखवणारा गेज शून्यावर बसला, थरथरू लागला किंवा भलताच आकडा दाखवू लागला, की ग्राहक थेट नवा गेज मागतात. गेज विकणे हा आमचा व्यवसायच आहे, तरीही आधी पुढील तपासणी करावी, असे आम्ही सुचवतो. कारण दोष पुष्कळदा गेजमध्ये नसून एक्झॉस्टपासून केबिनपर्यंत येणाऱ्या वायरमध्ये, त्यातही तिच्या सांध्यांत असतो.

ही माहिती के-प्रकारच्या थर्मोकपलवर चालणाऱ्या गेजसाठी आहे. गाडीच्या कारखान्यातूनच बसवून आलेला सेन्सर रोध बदलणाऱ्या प्रकारचा असू शकतो. त्याला पुढील मोजमापे लागू पडत नाहीत. थर्मोकपलमध्ये दोन भिन्न मिश्रधातूंच्या तारा टोकाशी एकत्र जोडलेल्या असतात आणि ते टोक तापले, की तापमानाच्या फरकानुसार दर अंशामागे सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट निर्माण होतात. म्हणजे टोक ५०० अंश सेल्सियसवर व गेजची मागची बाजू ३० अंशांवर असताना गेजच्या हाती जेमतेम १९.५ मिलिव्होल्ट येतात. एवढ्याशा विद्युतदाबाची वाट अडवायला गंजलेले एक थिंबलही (वायरच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची जोडणी) पुरते.

सर्वप्रथम आकडा खरा आहे की खोटा, हे ठरवावे. काटा चढणीवर भाराबरोबर वर जात असेल आणि भार कमी होताच खाली येत असेल, तर गेजला दोष देण्याआधी एअर फिल्टर चोंदला आहे का, इंटरकूलरचा (इंजिनात जाणारी हवा थंड करणाऱ्या भागाचा) होज फाटला आहे का, हे पाहावे. याउलट, काटा खड्ड्यात गाडी आदळताच उडत असेल, तर सांधा सैल आहे. हेडलाइट लावताच हलत असेल, तर अर्थिंग तपासावे. मात्र निर्णय होईपर्यंत चढा आकडा खराच मानून गाडी हलक्या पायाने चालवावी.

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना, स्केल तेवढे खाली जात असल्यास, इलेक्ट्रॉनिक गेजने जवळपास हवेचेच तापमान दाखवले पाहिजे. त्यानंतर गेजच्या मागून थर्मोकपलच्या दोन्ही वायर सोडवून त्या जागी तांब्याच्या तारेचा छोटा तुकडा जोडावा. आता गेजने स्वतःच्या मागच्या बाजूचे तापमान दाखवायला हवे. तरीही तो कित्येकशे अंश दाखवत असेल, तर दोष गेजचाच. सोडवलेल्या दोन वायरींमध्ये मल्टिमीटरने रोध मोजल्यास तो सहसा काही ओहमच भरतो. मीटर अनंत दाखवत असेल, तर कुठेतरी तार तुटलेली आहे.

सर्वात फसवा दोष सांध्याचा असतो. वायर अपुरी पडली म्हणून कोणीतरी मध्ये साधी तांब्याची वायर जोडतो, वर टेप गुंडाळतो, आणि गेज चालतोही. पण तो सांधा इंजिनाजवळ ८० अंशांवर व गेज केबिनमध्ये ३० अंशांवर असेल, तर आकडा सुमारे ५० अंश कमी दिसतो. चालकाला सगळे ठीक वाटते, आणि धोका नेमका तिथेच आहे. म्हणून वाढीव वायर के-प्रकारचीच असावी व तिच्या बाजूंची अदलाबदल होऊ नये. अमेरिकी पद्धतीत पिवळी वायर धन व लाल वायर ऋण असते (लाल म्हणजे धन, ही सवय इथे नडते), तर आंतरराष्ट्रीय पद्धतीत हिरवी धन व पांढरी ऋण. रंग उडाले असतील, तर चुंबक जवळ न्यावा: ऋण बाजूची तार त्याला चिकटते, धन बाजूची चिकटत नाही.

थर्मोकपल काढायचा झाल्यास तो इंजिन थंड झाल्यावरच काढावा. टोक झिजून बारीक झाले असेल किंवा त्याला चीर गेली असेल, तर तो परत बसवू नये. टर्बोच्या (एक्झॉस्टच्या जोरावर टर्बाइन फिरवून इंजिनाला जास्त हवा पुरवणाऱ्या भागाच्या) आधी बसवलेल्या थर्मोकपलचे टोक तुटल्यास तुकडा थेट टर्बाइनवर जातो. नवा बसवताना टोक वायूच्या प्रवाहाच्या मध्याशी पोहोचते का, हे पाहावे. पाइपच्या भिंतीलगत राहिल्यास तो तापमान कमी दाखवतो.

गेज आमच्याकडे पाठवताना थर्मोकपल व वायर न कापता सोबत द्यावी आणि थर्मोकपल टर्बोच्या आधी आहे की नंतर, हे चिठ्ठीवर अवश्य लिहावे. भाराखाली या दोन जागांच्या तापमानात १०० अंशांहून अधिक फरक पडू शकतो.