फायान्सचे नियम आणि त्यांच्यामागचा स्थलांतरित रसायनज्ञ

वडोदऱ्यात रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या कुणालाही रासायनिक बंधाचे स्वरूप सांगणारा ‘फजान्स रूल’ विचारला, तर लहान धनायन (धनभारित आयन), मोठा ऋणायन (ऋणभारित आयन) आणि जास्त विद्युतभार ही त्रयी लगेच पाठ म्हणून दाखवली जाते. ज्या माणसाचे हे नाव, त्या कासिमिर फायान्स (हाच मूळ पोलिश उच्चाराच्या जवळचा) यांना मात्र या वाक्यापलीकडे फारसे कुणी ओळखत नाही. ज्या कामामुळे ते पाठ्यपुस्तकांत राहिले ते जवळजवळ सगळे त्यांनी जर्मनीत केले, आणि त्याच देशाने त्यांना पुढे नोकरीवरून काढले. त्यांच्या कारकिर्दीकडे पाहताना हे सूत्र सोडून चालत नाही.

27 मे 1887 रोजी वॉर्सा येथे एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्या वेळी ते शहर रशियन साम्राज्यात होते. शालेय शिक्षण संपवून 1904 मध्ये ते लाइपझिगला गेले, तेथून हायडेलबर्गला आले आणि 1909 मध्ये गेओर्ग ब्रेडिग यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली. झुरिकचा मुक्काम आटोपून ते मँचेस्टरला रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. अणुकेंद्रकाची कल्पना तेथे आकार घेत होती त्याच सुमारास, म्हणजे 1910-11 मध्ये, तेथे काम करायला मिळणे हा निव्वळ योग होता, पण फायान्स यांनी त्याचे सोने केले.

त्यानंतर कार्ल्सरुहे येथे असताना 1913 मध्ये त्यांनी किरणोत्सारी विस्थापनाचा नियम मांडला. अल्फा कण बाहेर पडला की मूलद्रव्य आवर्तसारणीत दोन घरे मागे सरकते आणि बीटा कण बाहेर पडला की एक घर पुढे जाते, इतका तो साधा आहे. परंतु तोवर किरणोत्सारी द्रव्यांची जी लांबलचक आणि गोंधळात टाकणारी यादी जमली होती, तिच्यातील प्रत्येक द्रव्याला त्यामुळे आपली जागा मिळाली. फ्रेडरिक सॉडी यांनी त्याच वर्षी स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष काढल्यामुळे नियमाला दोघांचे नाव लागते. 1921 चे रसायनशास्त्राचे नोबेल सॉडी यांना मिळाले, फायान्स यांना ते कधीच मिळाले नाही. 1913 मध्येच फायान्स यांनी ओस्वाल्ड ग्योरिंग यांच्यासह 91 क्रमांकाच्या मूलद्रव्याचा एक अल्पायुषी समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वस्तुमानाचा अणू) शोधला. त्याचा अर्धायुकाल (निम्मे अणू विघटित होण्याचा काळ) जेमतेम सव्वा मिनिटाच्या आसपास असल्याने त्याला ‘ब्रेव्हियम’ म्हटले गेले. पुढे दीर्घायुषी समस्थानिक सापडल्यावर हे नाव मागे पडून प्रोटॅक्टिनियम रूढ झाले. विस्थापनाच्या नियमाचा पुरावा हवा होता, म्हणून फायान्स यांनी आपला विद्यार्थी माक्स लेम्बर्ट याला हार्वर्डला थिओडोर रिचर्ड्स यांच्याकडे पाठवले. युरेनियमच्या खनिजांतून काढलेल्या शिशाचे अणुवस्तुमान साध्या शिशापेक्षा सुमारे अर्ध्या एककाने कमी भरते, हे 1914 मध्ये तेथे मोजले गेले.

योगायोगाने 1913 हेच वर्ष बडोद्याच्या इतिहासातही येते. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर त्या वर्षी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. परदेशी शिक्षण म्हटले की संस्थानाने पाठवावे, माणसाने शिकून परत यावे आणि संस्थानाची सेवा करावी, असेच चित्र बडोदेकरांच्या मनात उभे राहते. परतलेल्या आंबेडकरांना 1917 मध्ये याच शहराने राहायला जागा दिली नाही, ही त्या चित्राची दुसरी बाजूही नजरेआड करता येत नाही. फायान्स यांच्या शिक्षणामागे कोणतेही संस्थान नव्हते. ज्या देशाने त्यांना घडवले तोच त्यांनी आपला मानला आणि 1917 मध्ये ते म्युनिकला गेले.

म्युनिकची वर्षे सर्वांत फलदायी ठरली. 1923 च्या सुमारास मांडलेल्या, सुरुवातीला उल्लेखलेल्या बंधाच्या नियमांचा गाभा असा, की लहान आणि जास्त भाराचा धनायन शेजारच्या मोठ्या ऋणायनाचा इलेक्ट्रॉन-मेघ आपल्याकडे ओढून विकृत करतो आणि त्यामुळे बंध आयनिक न राहता सहसंयुजाकडे, म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून घेण्याकडे, झुकतो. सिल्व्हर क्लोराइड पांढरे, ब्रोमाइड फिकट पिवळे आणि आयोडाइड स्पष्ट पिवळे का, याचे उत्तर त्यात मिळते.

त्याच काळात ओड हासेल या तरुण नॉर्वेजियन संशोधकाबरोबर (ज्यांना पुढे 1969 चे नोबेल मिळाले) अधिशोषण दर्शकांची, म्हणजे अवक्षेपाच्या पृष्ठभागाला चिकटून रंग बदलणाऱ्या द्रव्यांची, पद्धत निघाली. शंकूपात्रात क्लोराइडचे द्रावण घेऊन त्यात फ्लुओरेसिन या रंगद्रव्याचे थेंब टाकतात आणि ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट सोडतात. सुरुवातीला अवक्षेपाच्या कणांवर जादा क्लोराइड बसलेले असल्याने रंगद्रव्याचा ऋणायन दूर ढकलला जातो आणि द्रावण हिरवट पिवळे दिसते. अंत्यबिंदू, म्हणजे सगळे क्लोराइड संपण्याचा क्षण, ओलांडताच कणांवर चांदीचे आयन चढतात, रंगद्रव्य त्यांना चिकटते आणि अवक्षेप एकदम गुलाबी होतो. डेक्स्ट्रिन घातले नाही तर अवक्षेपाच्या गुठळ्या होतात आणि पात्र उन्हात राहिले तर तो काळवंडतो, हे ज्याने एकदा तरी हे अनुमापन केले आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. 1890 मध्ये त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने निघालेल्या बडोद्याच्या कलाभवनात रंगकाम शिकवले जाई. त्यामुळे रंग पृष्ठभागाला का धरतो हा प्रश्न बडोद्याला नवा नव्हता. फायान्स यांनी त्याच गोष्टीला मोजमापाचे साधन केले, असे म्हणता येईल.

1932 मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून म्युनिकला भौतिक रसायनशास्त्राची नवी संस्था उभी राहिली आणि ते तिचे संचालक झाले. पुढच्याच वर्षी नाझी सत्तेवर आले. 1935 मध्ये ज्यू असल्याच्या कारणावरून त्यांना पदावरून दूर करण्यात आले, म्हणजे स्वतःच्या संस्थेत त्यांना जेमतेम तीन वर्षे मिळाली. केंब्रिजमध्ये थोडा काळ काढून 1936 मध्ये ते अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात, अ‍ॅन आर्बर येथे, प्राध्यापक म्हणून रुजू झाले. वयाची पन्नाशी तेव्हा वर्षभरावर आली होती.

अमेरिकेतील वर्षांबद्दल माझे मत थोडे कठोर आहे. तेथे त्यांनी ‘क्वांटिक्यूल’ सिद्धांत मांडला. रेणूतील इलेक्ट्रॉनांचे गट केंद्रकांच्या संदर्भात स्वतंत्र घटक मानावेत, ही त्यामागची कल्पना होती. पण तोवर रासायनिक बंधाविषयीची पॉलिंग यांची अनुस्पंदनाची आणि मलिकन यांची रेणूकक्षकांची भाषा रसायनज्ञांच्या अंगवळणी पडली होती, आणि या सिद्धांताला अनुयायी लाभले नाहीत. तो चुकीचा होता म्हणून मागे पडला, एवढेच म्हणून भागत नाही. म्युनिकमध्ये त्यांच्याभोवती जमलेला सहकाऱ्यांचा आणि विद्यार्थ्यांचा गोतावळा अ‍ॅन आर्बरला पुन्हा तसा उभा राहिला नाही, आणि नवी कल्पना रुजवायला गोतावळाच लागतो. 1957 मध्ये ते निवृत्त झाले, तरी क्वांटिक्यूलवर लिहिणे त्यांनी थांबवले नाही. 18 मे 1975 रोजी अ‍ॅन आर्बर येथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र स्टेफान फायान्स याच विद्यापीठात वैद्यकाचे प्राध्यापक होते आणि तरुण वयात होणाऱ्या आनुवंशिक मधुमेहाच्या एका प्रकारावरील संशोधनासाठी ओळखले गेले.