टोन बदलताना आवाज तुटतो? दोष केबलचा नाही

ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या गिटारिस्टांमध्ये एक समज घट्ट बसलाय: प्रोसेसरवर (गिटारला इफेक्ट देणाऱ्या पायाजवळच्या यंत्रावर) प्रीसेट, म्हणजे साठवलेला टोन, बदलताना क्षणभर आवाज जातो, तो केबल किंवा अडॅप्टर हलका असल्यामुळे. कितीतरी मुलांनी यापायी महागड्या केबली घेतल्या, हे पाहून वाईट वाटतं.

केबल खराब असेल तर आवाज कधीही खरखरेल. नेमका स्विच दाबतानाच तुटत असेल, तर कारण आत आहे. प्रीसेट बदलला की प्रोसेसरची चिप जुने अँप, कॅबिनेट (स्पीकरची पेटी), डिले (प्रतिध्वनीचा इफेक्ट) यांच्या डिजिटल नकला उतरवते आणि नवे चढवते. तेवढा वेळ आवाज बंद. १२० च्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची; त्यात १०० गेले तरी सोलोच्या पहिल्या स्वराची सुरुवातच गिळली जाते.

उपाय म्हणजे गाण्याच्या मध्येच प्रीसेट बदलायचाच नाही. क्लीन (साफ आवाजाचा) आणि लीड (सोलोचा), दोन्ही अँप एकाच प्रीसेटमध्ये ठेवा आणि पायाने फक्त चालू-बंद करा. लाइन ६ कंपनीच्या हेलिक्स प्रोसेसरमध्ये याला स्नॅपशॉट म्हणतात, फ्रॅक्टल कंपनीच्या प्रोसेसरमध्ये सीन. सगळं आधीच चढलेलं असल्याने खंड जवळजवळ पडत नाही. डिलेचं ‘ट्रेल्स’ चालू ठेवलंत तर मागचे प्रतिध्वनीही विरत जातात, कापले जात नाहीत.

हेलिक्सच्या मोठ्या मॉडेलमध्ये प्रीसेट स्पिलओव्हरही आहे, म्हणजे प्रीसेट बदलला तरी जुन्याचे प्रतिध्वनी विरत राहतात; पण तो लावला की दुसरा पाथ (इफेक्टची दुसरी साखळी) हातचा जातो. मला तो सौदा परवडत नाही.