पार्श्वभूमी : ‘रक्षा कवच’ आणि ‘कवच’ ही दोन वेगळी यंत्रं आहेत

रेल्वे अपघाताची बातमी आली की ‘कोकणात शोधलेलं कवच देशभर का बसवलं नाही?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. त्यात दोन यंत्रणांची गल्लत आहे. कोकण रेल्वेत घडलं ते टक्कररोधक उपकरण, ‘रक्षा कवच’ या नावाचं. आज बसवलं जातंय ते ‘कवच’ वेगळ्या विचारातून आलं आणि हे नाव मिळेपर्यंत ‘टीकॅस’ (ट्रेन कोलिजन अव्हॉयडन्स सिस्टिम, म्हणजे टक्कर टाळणारी यंत्रणा) म्हणून ओळखलं जाई. नावं इतकी जवळची ठेवल्यामुळे मधला सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय, यंत्रणेचा पायाच बदलण्याचा, लोकांच्या नजरेआड गेला.

लाल सिग्नल ओलांडू पाहणाऱ्या मुंबईच्या लोकलला रोखणारी, रुळालगतच्या चुंबकांवर चालणारी यंत्रणा १९८० च्या दशकातली. लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे तसं काही नव्हतं. २ ऑगस्ट १९९९ रोजी पश्चिम बंगालमध्ये गैसल स्थानकात दोन गाड्या समोरासमोर धडकल्या आणि २८० हून अधिक माणसं गेली. त्यानंतर रक्षा कवचाच्या कामाने वेग घेतला.

त्याची रचना सुटसुटीत होती. इंजिन, गार्डचा डबा, स्थानक आणि फाटक, प्रत्येक ठिकाणी एक पेटी. पेटीत जीपीएस, छोटा संगणक आणि सुमारे ३ किमी पल्ल्याचा रेडिओ. दोन गाड्या एकाच रुळावर धोकादायक रीतीने जवळ आल्या की ब्रेक आपोआप लागत. गाडी मधेच तुटून मागचे डबे सुटले, तर गार्डच्या डब्यातल्या पेटीमुळे तेही कळे. रुळात काही पुरायचं नाही, सिग्नलच्या तारांना हात लावायचा नाही, म्हणून उभारणी स्वस्त आणि झटपट. ईशान्येत १,७३६ किमी मार्गावर ते बसवलंही गेलं.

अडचण होती ती ‘एकाच रुळावर’ या दोन शब्दांत. शेजारशेजारच्या दोन मार्गांच्या मध्यांत अंतर असतं जेमतेम पाच मीटर, आणि त्या काळच्या जीपीएसची चूकही तेवढीच किंवा जास्त. म्हणून गाडी पॉइंटवरून, म्हणजे रूळ फुटतात त्या सांध्यावरून, डावी-उजवीकडे किती वेळा वळली ते मोजून ती कोणत्या मार्गावर आहे हे ठरवायची युक्ती काढली गेली. युक्ती हुशारीची होती, पण एक वळण निसटलं की पुढचा सगळा हिशेब चुकायचा. मग शेजारून सुखरूप जाणाऱ्या गाडीसाठीही ब्रेक लागणार, किंवा लागायला हवा तेव्हा लागणार नाही. बोगद्यात आणि खोल कटिंगमध्ये उपग्रह दिसत नाहीत, ही भर वेगळीच. एकेरी मार्गावर हे निभावतं. अनेक मार्ग, विजेच्या गाड्या आणि स्वयंचलित सिग्नल असलेल्या भागात ते उघडं पडलं.

दुसरी उणीव मला अधिक गंभीर वाटते. सिग्नलशी जोडणीच नसल्यामुळे पुढचा सिग्नल लाल आहे की हिरवा, हे त्या पेटीला माहीतच नसे. लाल सिग्नल ओलांडणं हे टकरीचं मोठं कारण, आणि नेमकं तेच हातातून सुटलेलं. म्हणून पाया बदलायचा निर्णय योग्य होता. कोकणातल्या अभियंत्यांवर अन्याय झाला असं म्हणणारे आजही आहेत. त्यांच्या कामाचं मोल कमी नाही, पण यंत्र बदलणं भागच होतं. खेद आहे तो ही कारणं लोकांपुढे नीट मांडली गेली नाहीत याचा.

नव्या यंत्रणेत, म्हणजे ‘कवच’मध्ये, स्लीपरवर (रुळाखालच्या आडव्या पट्ट्यांवर) आरएफआयडी टॅग, म्हणजे रेडिओलहरींनी वाचता येणाऱ्या खुणेच्या चकत्या, बसवतात. इंजिनाखालचा वाचक टॅगवरून गेला की जागा आणि मार्ग क्रमांक दोन्ही कळतात. दोन टॅगांमधलं अंतर चाकाच्या फेऱ्यांवरून मोजलं जातं. स्थानकातला संच इंटरलॉकिंगला, म्हणजे सिग्नल आणि पॉइंट यांचा मेळ राखणाऱ्या व्यवस्थेला, जोडलेला असतो, त्यामुळे सिग्नलची स्थिती रेडिओने थेट इंजिनात पोचते. लोको पायलटने वेग कमी केला नाही तर ब्रेक पायरीपायरीने वाढत जातो. जीपीएस इथेही आहे, पण सगळ्या संचांची घड्याळं जुळवण्यापुरतं.

फेब्रुवारी २०१६ मध्ये प्रवासी गाड्यांवर चाचण्या सुरू झाल्या, जुलै २०२० मध्ये राष्ट्रीय यंत्रणा म्हणून निवड झाली आणि जुलै २०२४ मध्ये ४.० ही आवृत्ती मंजूर झाली. बरीच वर्षं ‘कवच’ फक्त दक्षिण मध्य रेल्वेच्या १,४६५ किमी मार्गावर होतं. सरकारी अंदाज रुळालगतच्या कामाला किमीमागे सुमारे ५० लाख आणि इंजिनामागे सुमारे ८० लाख रुपयांचा आहे, पण पैशापेक्षा वेळ जास्त लागतो. रेडिओचे मनोरे, ऑप्टिकल फायबर, प्रत्येक यार्डाचा (स्थानकातल्या रुळांच्या जाळ्याचा) नकाशा आणि प्रत्येक जुन्या इंटरलॉकिंगशी वेगळी जोडणी, यातलं काहीच घाईने करता येत नाही.

शिवाय काम एकदा करून संपत नाही. रूळ दुरुस्तीचं यंत्र यायच्या आधी टॅग काढावे लागतात आणि नंतर त्याच स्लीपरवर परत बसवावे लागतात. टॅग जोडीने लावतात, एक बिघडला तरी दुसरा वाचला जावा म्हणून. यार्डात एखादा पॉइंट हलवला किंवा लूप लाइन (मुख्य मार्गातून फुटून परत त्याला मिळणारी बाजूची लाइन) वाढवली, की त्या स्थानकाची माहिती नव्याने भरून पुन्हा तपासावी लागते.