वातावरणीय प्रारण, ढग आणि एरोसॉल : कोल्हापूर परिसरातील मापन

सूर्याकडून जमिनीवर येणारी ऊर्जा, जमीन आणि हवा यांच्याकडून परत फेकली जाणारी ऊर्जा, म्हणजे प्रारण, तिच्या वाटेत येणारे ढग आणि हवेत तरंगणारे सूक्ष्म कण, म्हणजे एरोसॉल, या सगळ्यांची एकाच जागी सलग नोंद घेण्याचे शास्त्रीय काम. पीएचडी झाल्यावर दोन-तीन वर्षांच्या नेमणुकीवर काम करणारे संशोधक सहयोगी, बोलीत ‘आरए’ किंवा ‘पोस्टडॉक’, हे काम प्रामुख्याने करतात. यातली खरी अडचण उपकरणांची नाही, ऋतूंची आहे. एरोसॉल सूर्यप्रकाशावरून मोजायचे तर आकाश निरभ्र लागते. पण या कणांचा सर्वांत गुंतागुंतीचा परिणाम ढगांवर होतो, आणि ढग आले की सूर्य दिसत नाही. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर ही कोंडी जवळजवळ रोजची असते. त्यामुळे इथल्या संशोधकाचे निम्मे कौशल्य मोजण्यात आणि निम्मे न मोजता आलेल्या काळाबद्दल जपून बोलण्यात जाते.

कोल्हापूर सुमारे १६.७ अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंचीवर आहे. पश्चिमेला सह्याद्रीचा माथा, पूर्वेला दख्खनचे पठार. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात पाचशे-सहाशे मिलिमीटरवर भागते. एसटीने काही तासांत पार होणाऱ्या या पट्ट्यात ढगांचा प्रकार, त्यांची उंची, जमिनीवर पोचणारे ऊन आणि हवेतले कण असे सगळेच बदलत जाते. महाराष्ट्रात पावसाचा इतका तीव्र उतार दाखवणारे जिल्हे मोजकेच आहेत.

हवेत कण सोडणारी ठिकाणेही इथे भरपूर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यांचे बॉयलर बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर, पेटतात, गुऱ्हाळघरांच्या चुलवणांत चिपाड जळू लागते, आणि तोड झालेल्या फडांत पाचट पेटवले जाते. त्यात शिरोली आणि उद्यमनगर भागातल्या फौंड्री, वीटभट्ट्या आणि पुणे-बंगळूर महामार्गावरची डिझेलची वाहतूक यांची भर पडते. हा झाला हिवाळा. मार्च ते मे या काळात वाऱ्याबरोबर वायव्येकडून, थरच्या आणि अरबस्तानच्या वाळवंटांकडून आलेली धूळ मिसळते. पाऊस लागला की पश्चिमेचा वारा अरबी समुद्रावरचे मिठाचे कण घेऊन घाट चढतो. वर्षभरात एकाच छतावरच्या उपकरणापुढून काजळी, धूळ आणि मीठ अशी तीन वेगळी जगे सरकतात.

हे कण मोजण्याचे नेहमीचे साधन म्हणजे सन फोटोमीटर. ठरावीक तरंगलांबींवर सूर्याचा थेट प्रकाश किती उरला हे ते पाहते आणि त्यावरून ‘एरोसॉल प्रकाशीय जाडी’, म्हणजे कणांनी प्रकाश किती अडवला याचे माप, काढली जाते. जाडी ०.५ असेल आणि सूर्य माथ्यावर असेल, तर कणांच्या थरातून सुमारे ६१ टक्के थेट प्रकाश खाली पोचतो. सूर्य कलला की प्रकाशाची वाट लांबते. वाट दुप्पट झाली की हाच आकडा ३७ टक्क्यांवर येतो. निरनिराळ्या तरंगलांबींवरच्या जाडीची तुलना केली की कणांचा आकार कळतो. स्वीडिश शास्त्रज्ञ आँगस्ट्रॉम यांच्या नावाचा घातांक दीडच्या आसपास असेल तर धुरासारखे बारीक कण, अर्ध्याच्या खाली गेला तर भरड धूळ किंवा मीठ. कोल्हापूरच्या हवेत हिवाळा आणि मे यांतला फरक या एका आकड्यात पकडता येतो.

कोल्हापूरकरांना हे भौतिकशास्त्र नावाने नसले तरी अनुभवाने ठाऊक आहे. अंबाबाईच्या मंदिरात नोव्हेंबरमध्ये आणि पुन्हा जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या आरंभी किरणोत्सव होतो. मावळतीची किरणे महाद्वारातून आत येऊन पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, मग कमरेपर्यंत आणि शेवटी मुखावर पडतात अशी अपेक्षा असते. किरणांची तीव्रता लक्समध्ये मोजली जाते, आणि किरणे पोचली नाहीत तर वाटेतल्या बांधकामांबरोबरच ढग, आर्द्रता आणि धूलिकण यांच्याकडे बोट दाखवले जाते. यातला कणांचा वाटा गणितात मांडता येतो. सूर्य क्षितिजापासून ५ अंशांवर असताना प्रकाशाला माथ्यावरच्या सूर्याच्या तुलनेत सुमारे दहापट हवा ओलांडावी लागते. प्रकाशीय जाडी ०.२ असेल तर कणांच्या थरातून साधारण तेरा टक्के थेट प्रकाश सुटतो. जाडी ०.५ झाली तर एक टक्कादेखील उरत नाही. हवेच्या रेणूंनी विखुरलेला प्रकाश यात धरलेलाच नाही. दुपारी जेमतेम जाणवणारे धुरकट आकाश संध्याकाळी किरणे पार खाऊन टाकते ते यामुळे. दोन्ही किरणोत्सव गळीत हंगामात येतात, हेही विसरून चालत नाही.

सन फोटोमीटर जितका भरवशाचा दिसतो तितका नसतो. वातावरणाबाहेर त्याचे वाचन किती आले असते हे माहीत असल्याखेरीज सगळे आकडे अधांतरी राहतात. त्यासाठी लँग्ली पद्धत वापरतात. सूर्य वर येत असताना वाचने घ्यायची, ती प्रकाशाच्या वाटेतल्या हवेच्या वस्तुमानासमोर मांडायची आणि रेषा शून्य हवेपर्यंत मागे न्यायची. अमेरिकी शास्त्रज्ञ सॅम्युएल लँग्ली यांनी १८८१ मध्ये माउंट व्हिटनीच्या मोहिमेत सूर्याची उष्णता मोजली, तेव्हापासून डोंगरमाथा आणि हे काम यांची जोडी जमलेली आहे. पद्धतीची अट एकच, सकाळभर हवा बदलता कामा नये. शहरात चुली, भट्ट्या आणि वाहने सुरू होतात ती नेमकी त्याच वेळी. म्हणून पन्हाळ्यासारखी उंचावरची जागा आणि फेब्रुवारीतली स्वच्छ सकाळ शहरातल्या छतापेक्षा केव्हाही बरी. फार उंचावरचे विरळ, तंतूंसारखे सिरस ढग हा दुसरा शत्रू. डोळ्याला आकाश निळे दिसते, उपकरण मात्र जादा एरोसॉल दाखवते. अशी वाचने गाळण्याच्या संगणकीय चाळण्या आहेत, तरी वाचन घेताना हाताने सूर्य झाकून आजूबाजूचे आकाश पाहण्याची सवय त्यांच्याहून उपयोगी पडते.

प्रारण मोजण्याची साधने याहून साधी आणि म्हणूनच दुर्लक्षित. काचेच्या दोन घुमटांखाली काळा थर्मोपाइल, म्हणजे उष्णतेवरून विजेचा संकेत देणारा संवेदक, असलेला पायरॅनोमीटर चोहोबाजूंनी येणारे ऊन मोजतो, सूर्याचा पाठलाग करणारा पायरहेलिओमीटर फक्त थेट किरण घेतो, आणि पायरजिओमीटर ढग, बाष्प व हवा यांच्याकडून खाली येणारे उष्णतेचे दीर्घतरंगी प्रारण टिपतो. वातावरणाच्या माथ्यावर सूर्याकडून प्रति चौरस मीटर सुमारे १,३६१ वॅट येतात. त्यांतले भर दुपारी जमिनीवर किती पोचले यावरून कण आणि ढग यांचा एकत्रित हिशेब लागतो. कोल्हापुरात सूर्य बरोबर माथ्यावर येतो तो मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. दुसरी वेळ बहुधा ढगांत जाते. दीर्घतरंगी बाजूला उलटे घडते. २५ अंश सेल्सिअसचा आदर्श काळा पदार्थ प्रति चौरस मीटर ४४८ वॅट सोडतो आणि पावसाळ्यातले भरलेले आकाश या आकड्याच्या बरेच जवळ जाते. पावसाळी रात्री फारशा थंड होत नाहीत त्याचे कारण हे.

छतावरचे रोजचे काम मात्र कापडाचे आहे. पहाटेचे दव घुमटावर सुकले की धुळीचे गोल डाग पडतात. हंगामात जळक्या पाल्याची काळी, पापुद्र्यासारखी काजळी येऊन बसते. मऊ कापड आणि स्पिरिट घेऊन घुमट पुसायचा, पातळीचा बुडबुडा मध्यभागी आहे का बघायचे, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचा रंग बदलला असेल तर ते बदलायचे, आणि पुसल्याची वेळ वहीत लिहायची. वेळ लिहिली नाही तर आकड्यांतला तो छोटा खड्डा पुढे कोणीतरी ढग म्हणून मोजतो. शेजारच्या इमारतीवर नवी पाण्याची टाकी बसली की वर्षातल्या काही आठवड्यांत सकाळची सावली पडू लागते, आणि तीही वहीतच जाते. रात्री पायरॅनोमीटर शून्याखाली एक-दोन वॅट दाखवतो. तो बिघाड नाही, वरचा घुमट थंड आकाशाकडे उष्णता गमावत असतो. जून आणि सप्टेंबरमध्ये तुटक ढगांच्या कडांवरून परावर्तित झालेला प्रकाश मिळून वाचन निरभ्र आकाशापेक्षाही वर उसळते. नवखा अभ्यासक ही टोके चूक समजून पुसतो, आणि ढगांबद्दलची सर्वांत बोलकी नोंद त्यांच्यासोबत जाते.

भारतात प्रारणाच्या नोंदीला शिस्त लागली ती पुण्यातून. भारतीय हवामानशास्त्र विभागात १९४८ मध्ये रुजू झालेल्या अन्ना मणी यांनी उपकरणे देशात बनवण्यावर भर दिला आणि १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने प्रारण मापनकेंद्रांचे जाळे उभे केले. आजच्या कोणत्याही छतावरच्या नोंदीची तुलना शेवटी अशा जाळ्यांशी आणि तिथून पुढे स्वित्झर्लंडमधल्या दाव्होसच्या प्रारणमापनाच्या जागतिक संदर्भाशी करावी लागते.

ढगांकडे वळले की कोल्हापूरचे नाते घाटाशी जुळते. सह्याद्रीच्या माथ्यावरचा बराच पाऊस उथळ ढगांतून पडतो. त्यांचे माथे गोठणबिंदूच्या पातळीपर्यंतही नसतात आणि थेंब बर्फाच्या मदतीशिवाय, एकमेकांवर आदळून मोठे होतात. ढगातला थेंब साधारण १० मायक्रोमीटरचा, त्यामुळे एक-दोन मिलिमीटरचा पावसाचा थेंब व्हायला तसे दहा लाखांच्या घरात थेंब एकत्र यावे लागतात. प्रत्येक ढगथेंबाच्या गाभ्यात एक कण असतो. कण वाढले की त्याच पाण्याची वाटणी जास्त थेंबांत होते, थेंब बारीक राहतात, ढग जास्त पांढरा दिसून ऊन परतवतो, आणि उथळ ढगातला पाऊस लांबू शकतो. मिठाचे भरड कण मात्र नेमके उलटे, पाऊस लवकर सुरू करायला मदत करतात. गगनबावड्याच्या ढगावर यांतला कोणता परिणाम वरचढ ठरतो हे ठामपणे सांगणाऱ्यावर चटकन विश्वास ठेवू नये. हवामानबदलाच्या जागतिक हिशेबातही एरोसॉलच्या थंडावणाऱ्या परिणामाचा आकडा उणे १.१ वॅट प्रति चौरस मीटर धरला जातो, पण त्याची शक्य कक्षा उणे ०.४ ते उणे १.७ इतकी सैल आहे.

ढगात शिरून मोजायचे तर ढग जमिनीला टेकतो ती जागा हवी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१२ मध्ये महाबळेश्वरला उंचावरची मेघभौतिकी प्रयोगशाळा सुरू केली ती याच कारणासाठी. याच संस्थेने २००९ पासून विमानातून ढग आणि एरोसॉल मोजण्याची मोहीम चालवली. तिच्याच पुढच्या टप्प्यात सोलापूरच्या पर्जन्यछायेत २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत केलेल्या मेघबीजनात, म्हणजे ढगांत कण फवारून पाऊस वाढवण्याच्या प्रयोगात, पावसात सुमारे १८ टक्के सापेक्ष वाढ आढळली. तो निष्कर्ष उंच वाढणाऱ्या ढगांचा आहे. घाटमाथ्यावरच्या उथळ ढगांना तो जसाच्या तसा लावता येत नाही, जरी दुष्काळी वर्षांत वर्तमानपत्रांतून तसे सर्रास केले जाते.

शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात वातावरणाचे निरीक्षण नवे नाही. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचा इथला मध्यम वारंवारतेचा रडार ऐंशी-नव्वद किलोमीटर उंचीवरचे वारे मोजण्यासाठी आहे, आणि पन्हाळ्यावरून रात्रीच्या आकाशातली मंद वातदीप्ती, म्हणजे वरच्या हवेतून येणारा क्षीण उजेड, टिपली गेली आहे. ही दोन्ही कामे ढगांच्या फार वरची आहेत, तरी ‘विद्यापीठातला रडार’ म्हणजे पावसाचा रडार असा समज पुराच्या दिवसांत हमखास ऐकू येतो. संधिप्रकाशावरून उंचीनुसार एरोसॉल काढण्याची पद्धत मात्र थेट याच विषयातली, आणि कोल्हापुरात तिचे प्रयोग झाले आहेत. सूर्य क्षितिजाखाली जाताना पृथ्वीची सावली वर सरकते. विखुरलेल्या प्रकाशात होणारी घट पाहून कोणत्या उंचीवर कणांचा थर आहे हे ताडता येते. लेझरवर चालणाऱ्या लिडारच्या मानाने खर्च नगण्य, पण संध्याकाळ निरभ्र हवी.

संशोधक सहयोगीची नेमणूक बहुतेक वेळा प्रकल्पाच्या पैशांवर असते. केंद्र सरकारच्या २०२३ च्या सुधारित दरांनुसार पहिल्या पायरीवर महिना ५८,००० रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो. वयाची तिशी ओलांडलेल्या, घरची जबाबदारी असलेल्या माणसाला यात अडतो तो मुदतीचा भाग. दोन वर्षांत दोनच पावसाळे हाती लागतात, आणि २००५, २०१९ किंवा २०२१ सारखे महापुराचे वर्ष त्यांत आले तर सरासरी कशाला म्हणायचे हा प्रश्न उरतो. म्हणून छतावरच्या नोंदी उपग्रहांच्या लांब मालिकांना जोडल्या जातात. टेरा उपग्रहावरच्या मोडिस उपकरणाच्या नोंदी २००० पासूनच्या, ॲक्वावरच्या २००२ पासूनच्या. इन्सॅट-३डी मालिका भूस्थिर कक्षेतून दर अर्ध्या तासाला चित्र पाठवत आली आहे. उघड्या, उजळ जमिनीवर उपग्रहाचा एरोसॉलचा अंदाज डळमळतो, कारण कणांचा प्रकाश आणि जमिनीचा प्रकाश वेगळा करणे कठीण जाते. ऊस तोडलेले शिवार आणि उभ्या उसाचे हिरवे शिवार यांचा फरकही त्यात मिसळतो. टेरा साधारण सकाळी साडेदहाला आणि ॲक्वा दुपारी दीडला वरून जाई त्या काळापासून, हातातल्या सन फोटोमीटरची वाचने या दोन वेळांभोवती दाट घेण्याचा रिवाज पडला आहे.